टूरिंग कार शर्यतींचा पहिला हंगाम कसा पाहावा

इंदूरच्या मराठी माणसाला चुरस म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात डेनिस कॉम्प्टनने होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा काढल्या आणि तरीही मुंबईच जिंकली, ही हकिगत इथल्या जुन्या घरांत अजूनही कालच घडल्यासारखी सांगितली जाते. मोटारींचे कौतुकही या शहराला नवे नाही, कारण यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५ साली घडवून घेतलेली ड्यूसेनबर्ग आजही जगभरच्या जुन्या मोटारींच्या जाणकारांत नावाजली जाते. असे असूनही टूरिंग कार शर्यती, म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या सेडान आणि हॅचबॅक गाड्यांसारख्याच दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती, आपल्याकडे फारशा पाहिल्या जात नाहीत. फॉर्म्युला वनची सवय असलेला प्रेक्षक एखाद्या रविवारी त्या लावतो, मागच्या वेळचा विजेता आज दहावा आहे आणि गाड्या एकमेकींचे बंपर उडवत आहेत हे पाहून बुचकळ्यात पडतो, आणि दुसऱ्या शर्यतीला टीव्ही बंद करतो. माझेही पहिल्या वर्षी तसेच झाले होते. त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, अशा गोष्टी या लेखात क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: एकच मालिका निवडावी

जगात टूरिंग कारच्या अनेक मालिका चालतात आणि प्रत्येकीचे नियम निराळे असतात, म्हणून पहिल्या वर्षी एकीलाच धरून राहणे शहाणपणाचे. ऑस्ट्रेलियाची सुपरकार्स मालिका मोठ्या व्ही-आठ इंजिनांची आहे. टीसीआर ही २०१५ साली सुरू झालेली नियमावली असून तिच्या आधाराने अनेक देशांत पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या, दोन लिटर टर्बो इंजिनाच्या गाड्या धावतात. जर्मनीची डीटीएम १९८४ सालापासूनच्या परंपरेची असली, तरी २०२१ पासून तिथे जीटी-थ्री वर्गातल्या स्पोर्ट्स कार धावत असल्यामुळे काटेकोरपणे पाहता तिला आता टूरिंग कार म्हणणे अवघड आहे.

नवख्याने ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप, अर्थात बीटीसीसी, निवडावी असे माझे मत आहे. ती १९५८ पासून चालू आहे. तिच्या शर्यती लहान असतात, एका रविवारी तीन-तीन होतात, आणि ब्रिटनमधील उन्हाळी वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्यामुळे तिथली दुपार आपल्याकडे संध्याकाळी उजाडते, म्हणजे जेवणाआधी दोन शर्यती सहज पाहून होतात. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबरमध्ये बाथर्स्ट येथे होणाऱ्या एक हजार किलोमीटरच्या शर्यतीचा अपवाद मात्र जरूर करावा. ती आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि पोह्यांबरोबर जिलबी संपली तरी तिचा निम्मासुद्धा भाग झालेला नसतो.

दुसरी पायरी: गाडी कोणत्या चाकांनी चालते ते पाहावे

सगळ्या गाड्या टीव्हीवर सारख्याच वेगाच्या वाटतात, पण त्यांचे स्वभाव निराळे असतात आणि हंगामाचे अर्धे कोडे या स्वभावातच असते. फोर्ड फोकस, ह्युंदाई आय-थर्टी यांसारख्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते, तर बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजमध्ये ती मागच्या चाकांकडे जाते.

गाडी जागेवरून निघताना तिचे वजन मागे सरकते, त्यामुळे मागच्या चाकांची पकड वाढते आणि बीएमडब्ल्यू पहिल्या वळणापर्यंत दोन-तीन गाड्या मागे टाकू शकते. उलट पुढच्या चाकांच्या गाडीत ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार ही तिन्ही कामे त्याच दोन टायरांना करावी लागतात. थंड हवेत क्वालिफाइंगच्या (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून निघणार ते ठरवणाऱ्या फेरीच्या) वेळी हे टायर लवकर तापतात, हा तिचा फायदा; शर्यतीच्या शेवटच्या काही लॅप्समध्ये, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांमध्ये, तेच आधी थकतात, हा तोटा. मागचे टायर मात्र थंड राहतात, म्हणून पहिल्या लॅपला पुढच्या चाकांच्या गाडीचे शेपूट अचानक सुटलेले दिसले, तर ती नेहमीच चालकाची चूक असते असे नाही.

ट्रॅकही या स्वभावांना साथ देतात किंवा आडवे येतात. यॉर्कशायरमधला क्रॉफ्ट हा मागच्या चाकांच्या गाड्यांना मानवणारा ट्रॅक समजला जातो. थ्रक्स्टन अतिशय वेगवान असून तिथला पृष्ठभाग टायर खातो, त्यामुळे तिथे आघाडीवरचा चालक शेवटी शेवटी सावधपणे चालवताना दिसतो. ब्रँड्स हॅचचा इंडी ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा असल्याने तिथे बहुतेक सगळ्या गाड्यांच्या क्वालिफाइंगच्या वेळा एकमेकींपासून सेकंदाच्या आत-बाहेर असतात, आणि एका वळणावर चाक थोडे जास्त घसरले तरी दहा जागा जातात. कोणता ट्रॅक कोणाचा आहे हे माहीत असले की क्रॉफ्टला बीएमडब्ल्यू जिंकल्याचे फार आश्चर्य वाटत नाही, आणि तिथे ती हरली तर काहीतरी बिनसले आहे हे लगेच कळते.

तिसरी पायरी: विजेत्याच्या पायातली बेडी समजून घ्यावी

या खेळाचा गाभा इथे आहे, म्हणून येथे थोडे थांबावे.

टूरिंग कार शर्यतीत जिंकणाऱ्याला मुद्दाम जड केले जाते. बीटीसीसीमध्ये अनेक वर्षे ही बेडी अक्षरशः वजनाची होती. गुणतक्त्यात अग्रस्थानी असलेल्या चालकाच्या गाडीत शिशाचे जादा वजन बसवले जाई, दुसऱ्याला त्याहून कमी, तिसऱ्याला आणखी कमी, आणि २०२१ च्या हंगामात हे वजन कमाल ७५ किलो होते. ७५ किलो म्हणजे किती, हे इंदूरकराने ओंकारेश्वरला जाताना अनुभवलेले असते. खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात एकट्याने गाडी चालवणे आणि शेजारी एक धष्टपुष्ट काका बसलेले असताना चालवणे यात जो फरक पडतो, तोच हा. ब्रेक थोडे आधी लावावे लागतात, वळणात गाडी बाहेरच्या अंगाला जास्त झुकते आणि चढावर एक गिअर खाली यावे लागते. शर्यतीत हाच फरक प्रत्येक लॅपला काही दशांश सेकंदांचा होतो आणि शिवाय टायर लवकर झिजतात, म्हणून जड गाडीचे खरे नुकसान पहिल्या लॅपपेक्षा पंधराव्या लॅपला दिसते.

२०२२ साली वजनाच्या जागी हायब्रिड यंत्रणा आली. प्रत्येक लॅपला जास्तीत जास्त १५ सेकंद विजेची जादा ताकद वापरता येत असे, परंतु गुणतक्त्यातील पहिल्या चालकाला क्वालिफाइंगमध्ये ती अजिबात मिळत नसे आणि जसजसे खाली जावे तसतसे सेकंद वाढत. २०२५ पासून हायब्रिड काढून टाकण्यात आले आणि त्याऐवजी टर्बोचा दाब काही काळ वाढवण्याची सोय आली. तत्त्व मात्र तेच राहिले. हंगाम सुरू होण्याआधी त्या वर्षीचा नियम एकदा वाचून घ्यावा, कारण तो वारंवार बदलतो आणि मागच्या वर्षीच्या समजुतीवर पाहायला बसलेला जुना प्रेक्षकसुद्धा फसतो.

टीसीआरमध्ये आणखी एक बेडी असते. तिथे चालकाऐवजी गाडीच्या मॉडेलकडे पाहिले जाते आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या एका पातळीवर आणण्यासाठी कुणाचे किमान वजन वाढवतात, कुणाच्या इंजिनाची ताकद कमी करतात, तर कुणाची जमिनीपासूनची उंची बदलतात. ही समतोल राखण्याची पद्धत काहींना खेळाचा अपमान वाटते. मला तसे वाटत नाही. चांगली गाडी बनवणाऱ्याला शिक्षा होते हा आक्षेप खरा आहे, पण समतोल नसेल तर एकच कंपनी सगळे घेऊन जाते आणि बाकीच्या निघून जातात. १९९६ साली आउडीने ए-फोर क्वात्रो ही चारही चाकांनी चालणारी गाडी ब्रिटनमध्ये उतरवली. तिच्यावर जादा वजन लादलेले असूनही फ्रँक बिएला त्या वर्षी विजेता ठरला. १९९८ पर्यंत चारही चाकांनी चालणाऱ्या गाड्यांवरच बंदी आली.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न आजही ठसठसतो. २०२३ मध्ये नव्या नियमांच्या गाड्या आल्या, फोर्ड मस्टँग चालवणाऱ्या संघांनी शेव्हरोले कॅमॅरो अधिक वेगवान असल्याची तक्रार लावून धरली, हंगामाच्या मध्येच गाड्यांच्या बाह्यांगात बदल झाले, आणि वर्षअखेरीस दोन्ही गाड्या अमेरिकेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात नेऊन तपासाव्या लागल्या. विजेतेपद अखेर कॅमॅरो चालवणाऱ्या ब्रॉडी कॉस्टेकीलाच मिळाले. समतोल साधणे किती किचकट आहे, हे यावरून दिसते.

चौथी पायरी: एक वही घालावी

दोनशे पानी साधी वही पुरते. तीत प्रत्येक शर्यतीसाठी पाच रकाने आखावेत: चालक, ग्रिडवरची (शर्यत सुरू होतानाच्या रांगेतली) जागा, अंतिम जागा, त्या वेळची बेडी (वजन, सेकंद, जे असेल ते) आणि त्याच संघातील जोडीदाराची जागा.

आता गणित पाहावे. बीटीसीसीत पहिल्या पंधरांना गुण मिळतात आणि वरून ते २०, १७, १५, १३, ११, १० असे उतरत जातात. पोल (ग्रिडवरची पहिली जागा), सर्वांत वेगवान लॅप आणि आघाडीवर काढलेली लॅप यांचे एकेक गुण वेगळे. गेली अनेक वर्षे रविवारच्या तिसऱ्या शर्यतीसाठी आधीच्या निकालातील वरचे काही चालक, सहा ते बारा यांच्या दरम्यान चिठ्ठीत निघेल तितके, उलट्या क्रमाने उभे केले जातात. समजा, एक चालक पहिली शर्यत जिंकला, दुसरीत दुसरा आला आणि तिसरीत कोणाच्या तरी धडकेने बाहेर पडला. हे जादा एकेक गुण बाजूला ठेवले तर त्याला ३७ गुण मिळाले. दुसरा चालक तिन्ही शर्यतींत चौथा आला. करंडक घेताना त्याचे छायाचित्र कुठेही छापून येणार नाही, पण त्याचे ३९ गुण झाले, आणि पुढच्या वेळी त्याची बेडीही कदाचित हलकी असेल.

म्हणून विजेत्याकडे पाहून झाल्यावर वहीत सर्वांत जड गाडी कितवी आली ते शोधावे. पूर्ण बेडी घालून, न मानवणाऱ्या ट्रॅकवर जो चालक सातवा येतो, धक्काबुक्कीत पडत नाही आणि नऊ गुण खिशात घालून घरी जातो, त्याच्या नावाखाली एक रेघ ओढावी. मी हे करायला लागल्यापासून ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शर्यतीपर्यंत कोण टिकेल, याचा अंदाज जून-जुलैतच बऱ्यापैकी येतो. पहिल्या वर्षी मी केवळ विजय मोजत होतो, आणि ज्याच्या नावावर मी घरी आइस्क्रीमची पैज लावली होती तो शेवटी पहिल्या पाचांतही नव्हता.

जोडीदाराचा रकाना कशासाठी, असे कोणी विचारील. गाडी चांगली आहे की चालक, हे ठरवण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे. एकाच संघाच्या दोन सारख्या गाड्यांतली एक तिसरी आणि दुसरी अठरावी येत असेल, तर श्रेय बहुतांशी चालकाचे. दोन्ही पहिल्या पाचांत असतील, तर त्या ट्रॅकवर गाडीच जमून आली आहे. चालकाने गाडी बदलली तर आणखी चांगले. अ‍ॅश सटन २०१७ साली सुबारूवर, २०२० आणि २०२१ साली इन्फिनिटीवर विजेता ठरला. या गाड्या मागच्या चाकांच्या होत्या. मग तो पुढच्या चाकांच्या फोर्ड फोकसवर गेला आणि २०२३ मध्ये तिच्यावरही जिंकला. दोन अगदी भिन्न स्वभावांच्या गाड्यांवर चार विजेतेपदे, हे कौशल्य कोणत्याही एका निकालात दिसत नाही. हंगामामागून हंगाम लिहिल्यावरच दिसते.

जुन्या काळी तर सर्वांत वेगवान गाडी आणि विजेता यांचा संबंध आणखी सैल होता. इंजिनाच्या आकारानुसार वर्ग असत आणि गुण आपापल्या वर्गात मिळत. १९८९ साली पुढे फोर्ड सिएरा आरएस-पाचशे गाड्या धावत होत्या, पण विजेतेपद मिळाले ते लहान वर्गातल्या व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रावरच्या जॉन क्लीलंडला. आणि १९५८ च्या पहिल्याच हंगामात जॅक सिअर्स व टॉमी सॉपविथ यांचे गुण समान झाले, तेव्हा ब्रँड्स हॅचला दोन सारख्या राइली गाड्या आणून दोघांनाही आलटून पालटून दोन्ही चालवायला लावल्या. एकूण वेळेत सिअर्स १.६ सेकंदांनी पुढे राहिला. गाडीचा भाग वजा करून चालक मोजण्याचा इतका सरळ उपाय त्यानंतर कोणी केल्याचे मला आठवत नाही.

पाचवी पायरी: वैर कुठे आहे ते ओळखावे

वही तीन-चार रविवार भरली की वैरे आपोआप दिसू लागतात. तक्त्यातील शेजारी हे उघड प्रतिस्पर्धी, पण टूरिंग कारमध्ये खरी ठिणगी बऱ्याचदा तिसऱ्याच माणसामुळे पडते. १९९२ साली सिल्व्हरस्टोनच्या शेवटच्या शर्यतीत विजेतेपद टिम हार्वी, जॉन क्लीलंड आणि विल हॉय या तिघांमध्ये होते. हार्वीचा बीएमडब्ल्यूतील जोडीदार स्टीव्ह सोपर याची आणि क्लीलंडची धडक झाली, दोघेही बाहेर पडले आणि हार्वी विजेता झाला. जोडीदाराचा रकाना का ठेवायचा, याचे दुसरे उत्तर हे आहे. २०२१ च्या डीटीएमच्या अखेरच्या रविवारी नॉरिसरिंगलाही पहिल्याच वळणावर केल्विन व्हान डर लिंडेची आउडी लियाम लॉसनच्या फेरारीवर आदळली, आणि पुढे मर्सिडीजच्या इतर चालकांनी वाट सोडल्यावर मॅक्सिमिलियन गॉट्झने तीन गुणांनी विजेतेपद नेले. त्या दिवशी तिथे दोन शर्यती होत्या असे म्हणावे लागेल, एक ट्रॅकवरची आणि एक संघांच्या रेडिओवरची.

कंपन्यांची वैरे याहून खोल जातात. ऑस्ट्रेलियात होल्डन की फोर्ड हा प्रश्न घराघरात वडिलोपार्जित होता. १९९२ साली बाथर्स्टला मुसळधार पावसात शर्यत थांबवावी लागली आणि अपघातात मोडलेली निसान जीटी-आर चालवणारे जिम रिचर्ड्स व मार्क स्कैफ यांना आधीच्या लॅपच्या निकालावर विजयी घोषित केले, तेव्हा जमलेल्या लोकांनी मंचावरच्या विजेत्यांची हुर्यो उडवली. होल्डनचा कारभार २०२० साली बंद झाला, पण होल्डनवाले लोक कॅमॅरोमागे उभे राहिले, इतकेच.

अलीकडच्या बीटीसीसीत नवख्याने सटन, टॉम इन्ग्रम आणि जेक हिल या त्रिकुटापासून सुरुवात करावी. इन्ग्रम २०२२ मध्ये ह्युंदाईवर जिंकला, सटन २०२३ मध्ये, हिल २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूवर, आणि २०२५ मध्ये पुन्हा इन्ग्रम. दोन पुढच्या चाकांच्या गाड्या आणि एक मागच्या चाकांची, त्यामुळे ट्रॅक बदलला की पारडे बदलते, आणि दुसऱ्या पायरीतला धडा येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

सहावी पायरी: निकाल लागल्यावर लगेच वही मिटू नये

शर्यतीनंतर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, चित्रफिती पाहतात, गाड्या तपासतात, आणि रात्री उशिरा कोणाचे गुण काढले जातात. म्हणून रविवारी निकाल पेन्सिलीने लिहावा आणि सोमवारी पेनाने पक्का करावा. काही वाद आठवडेभर चालतात. १९९४ मध्ये अल्फा रोमिओने आपल्या १५५ गाडीला पुढेमागे असे पंख बसवले, की जे रस्त्यावरच्या गाडीसोबत सुटे दिले जात असल्याने नियमात बसत होते. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, अल्फाने ओल्टन पार्कच्या ट्रॅकवरून संघच मागे घेतला, तडजोड झाली, आणि एवढे होऊनही त्या वर्षी गॅब्रिएले टार्क्विनी विजेता झाला. पुढच्या वर्षी पंख सर्वांनाच मिळाले.

सातवी पायरी: एकदा तरी ट्रॅकशेजारी उभे राहावे

इंदूरच्या मुलांना ट्रॅक म्हटले की पिथमपूरचा नॅट्रॅक्स आठवतो. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला, परंतु ते गाड्यांच्या चाचणीचे केंद्र आहे, तिकीट काढून शर्यत पाहण्याची जागा नव्हे. शिवाय त्या लंबवर्तुळावर गाडीचा कमाल वेग कळतो. टूरिंग कारची परीक्षा मात्र ब्रेक आणि वळण यांच्या मधल्या पन्नास-साठ मीटरमध्ये होते.

त्यासाठी दक्षिणेकडे जावे लागते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर राष्ट्रीय कार शर्यती होतात. त्यांत इंडियन टूरिंग कार हा वर्ग असून फोक्सवॅगन पोलो, होंडा सिटी यांसारख्या आपल्या ओळखीच्या गाड्या तिथे पार वेगळ्या अवतारात दिसतात. निघण्याआधी तारीख पुन्हा तपासून घ्यावी. कानात घालायचे बोळे, टोपी, पाणी आणि वही बरोबर न्यावी. मुख्य सरळ रस्त्यासमोर बसण्याचा मोह होतो, पण तिथे गाड्या नुसत्या समोरून निघून जातात. त्याऐवजी सर्वांत लांब सरळ रस्ता संपून सर्वांत मंद वळण जिथे येते, तिथली जागा शोधावी. पहिल्या लॅपला कोणती गाडी कोणत्या खुणेपाशी ब्रेक लावते ते लिहावे, शेवटच्या तीन लॅप्सना पुन्हा लिहावे, आणि शर्यत संपल्यावर पॅडॉकमध्ये (संघ आणि गाड्या थांबतात त्या आवारात) जाऊ देत असतील तर त्याच गाड्यांचे पुढचे टायर जवळून पाहून यावे.